संत कोलंबा : नांव आणि जीवन



मूल जन्मास आलें म्हणजे आईबाप धर्मगुरूकडे दोन गोष्टी ठरविण्याकरितां येतात : बाप्तिस्म्याचा दिवस आणि बाळाचें नांव. आपल्या जालना जिल्ह्यांतील ख्रिस्ती घरांत पूर्वीं योहान, पेत्र, मरिया, मार्था अशीं पवित्र शास्त्रांतील नांवें, अगर शांतवन, प्रकाश, दया, करुणा अशीं आपल्या भाषेंतील नांवें ऐकूं येत. हल्लीं त्यांच्या जोडीस केविन, ब्रायन, एडन, नील, माल्कम हीं नांवेंही कानीं पडूं लागलीं आहेत. अर्थ विचारल्यास आईबाप एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. नांव गोड वाटलें, मुंबईच्या नातलगांनीं सुचविलें, मोबाईलवरील यादींत सांपडलें, इतकेंच उत्तर मिळतें. हीं नांवें इंग्रजी आहेत अशीही सर्वसाधारण समजूत आहे. पण ती बरोबर नाहीं. आयर्लंड आणि स्कॉटलंड या देशांच्या प्राचीन गेलिक भाषेंतून तीं आलेलीं आहेत, आणि त्यांतील पुष्कळांच्या मागें एकेक संत उभा आहे.

ही भाषा आपल्या जिल्ह्याच्या मातीस अगदींच अपरिचित आहे असेंही नाहीं. जिल्ह्यांतील असई गांवीं २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजेची इंग्रजांशीं घनघोर लढाई झाली. इंग्रजांच्या बाजूस ७४ वी व ७८ वी या दोन पलटणी स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखांतील होत्या. ७८ वी पलटण १७९३ सालीं मॅकेंझी घराण्याच्या सरदारानें उभारिली होती व तींतील पुष्कळ शिपायांची मातृभाषा गेलिक होती. त्या दिवशीं दोन्ही पक्षांचे मिळून हजारों लोक मेले अगर घायाळ झाले. आपल्या ज्वारी-कपाशीच्या शेतांत कित्येकांनीं शेवटचा श्वास टाकतांना आईस हांक मारिली असेल ती मराठींत, तशीच गेलिकमध्येंही.

या महोत्सवाच्या निमित्तानें त्याच भाषेच्या एका थोर संताचें चरित्र सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यांच्या नांवाचा अर्थ कपोत, म्हणजे पारवा. आणि त्यांच्या आयुष्यांत एक रणसंग्रामही आहे. शांतीचें नांव धारण करणाऱ्या मनुष्याच्या हातून रक्तपात घडावा आणि त्यानें उरलेलें आयुष्य त्या नांवास पात्र होण्यांत वेंचावें, ही कथा प्रत्येक आईबापानें ऐकण्यासारखी आहे.

जन्म व नांव

संत कोलंबा यांचा जन्म परंपरेप्रमाणें ७ डिसेंबर ५२१ रोजीं आयर्लंडच्या उत्तरेस डोनेगल प्रांतीं गार्टन येथें झाला. पित्याचें नांव फेलिमी व मातेचें एथ्ने. एथ्ने म्हणजे फळाच्या आंतील गर, असा अर्थ सांगतात. कुळ राजघराण्याचें होतें. नऊ ओलीस ठेवणारा म्हणून प्रसिद्ध असलेला न्यायल राजा हा कोलंबांचा खापरपणजोबा. आज प्रचारांत असलेलें नील हें नांव याच न्यायल शब्दाचें रूप होय. आपल्याकडील निळ्या रंगाच्या नील शब्दाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. त्याचा अर्थ कोणी वीर असा करितात, तर कोणी मेघ असा करितात.

पुत्र उदरांत असतां एथ्ने हिला स्वप्न पडलें, असें चरित्रकार सांगतात. एका देवदूतानें तिला सर्व फुलांच्या रंगांचें एक अपूर्व वस्त्र दिलें व थोड्या वेळानें परत घेऊन तें आकाशांत सोडून दिलें. माता खिन्न झाली. परंतु पाहते तों तें वस्त्र पसरत पसरत शेतें, रानें व डोंगर झांकूं लागलें. हा पुत्र तुझ्या एकटीचा राहणार नाहीं, अनेकांस तो पांघरूण घालील, असा त्या स्वप्नाचा अर्थ तिला सांगण्यांत आला.

बाळाचें पहिलें नांव क्रिव्हन होतें अशी आख्यायिका आहे. क्रिव्हन म्हणजे कोल्हा. राजकुळांतील मुलास चतुर व धूर्त म्हणविणें त्या काळीं भूषण वाटत असे. पुढें रिवाजाप्रमाणें हा मुलगा एका धर्मगुरूच्या घरीं वाढूं लागला. त्याचें चित्त प्रार्थनामंदिरांत इतकें रमे कीं, खेळगडी त्याची वाट पाहत बसत आणि आपला पारवा देवळांतून आला काय, असें एकमेकांस विचारीत. तेंच नांव रूढ झालें : कोलम किले, अर्थात् मंदिराचा पारवा. कोलम हा लॅटिन भाषेंतील कोलंबा या शब्दाचा गेलिक अवतार, व किले म्हणजे मंदिराचा. त्यांचे चरित्रकार संत अदम्नान यांनीं ग्रंथारंभींच दाखवून दिलें आहे कीं, लॅटिनमध्यें जो कोलंबा तोच हिब्रू भाषेंत योना व ग्रीक भाषेंत पेरिस्तेरा. यार्देन नदींत प्रभु येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळीं पवित्र आत्मा ज्या पक्ष्याच्या रूपानें उतरला, त्याचेंच हें नांव.

परंतु नांव बदललें म्हणजे स्वभाव बदलतो असें नाहीं. पारव्याच्या अंगीं कोल्हा पुष्कळ वर्षें जिवंत होता, हें पुढील हकिगतीवरून दिसेल.

विद्याभ्यास व मठांची स्थापना

त्या काळीं युरोपांतील पुष्कळ देशांत राज्यें कोसळत असतां आयर्लंडच्या मठांत विद्येची ज्योत तेवत होती. कोलंबा यांनीं संत फिनियन यांच्याजवळ पवित्र शास्त्राचा अभ्यास केला व उपयाजकपदाची दीक्षा घेतली. लेन्स्टर प्रांतीं गेमन नांवाच्या एका वृद्ध विद्वानापाशींही ते शिकले. हे गेमन कवी होते असें मानितात. धर्मशास्त्राबरोबर देशाचें काव्यही त्यांनीं आत्मसात् केलें, म्हणूनच पुढें लोकांच्या भाषेचें व कवींचें रक्षण करणें त्यांना धर्मकार्याहून निराळें वाटलें नाहीं.

याजकदीक्षा झाल्यावर त्यांनीं मठ स्थापिले. त्यांत डेरी व डरो हे दोन विशेष प्रसिद्ध आहेत. डेरी म्हणजे ओक वृक्षांची राई आणि डरो म्हणजे ओक वृक्षांचें मैदान. आपल्याकडे वडगांव, पिंपळगांव, आंबेगांव हीं नांवें पडलीं त्याच रीतीनें हीं पडलीं.

ग्रंथावरून युद्ध

कोलंबा यांना ग्रंथांचें अतिशय वेड होतें. छापखाने नव्हते, प्रत्येक ग्रंथ हातानें लिहावा लागे व त्याचें मोल गाईगुरांच्या कळपाएवढें असे. पुढील काळच्या चरित्रकारांनीं अशी कथा दिली आहे कीं, गुरु फिनियन यांच्यापाशीं स्तोत्रसंहितेची एक उत्तम पोथी होती. कोलंबा यांनीं गुरूस न विचारतां रात्रीं मंदिरांत बसून तिची नक्कल उतरून घेतली. हें उघडकीस येतांच गुरूनें नकलेवर हक्क सांगितला. वाद दियारमित राजापुढें गेला. गाय ज्याची, वासरूंही त्याचेंच. त्याच न्यायानें पोथी ज्याची, नक्कलही त्याचीच, असा निवाडा राजानें दिला. कोलंबा यांना तो अन्याय वाटला.

त्यांतच दुसरें एक कारण घडलें. कॉनॉटच्या राजाचा पुत्र कोलंबा यांच्या आश्रयास आला असतां राजाच्या माणसांनीं त्याला ओढून नेऊन ठार केलें. शरणागताचा वध झाला, कुळाचा अपमान झाला. कोलंबा यांचें राजरक्त उसळलें. त्यांचे भाऊबंद शस्त्रें घेऊन उठले आणि ५६१ सालीं कूल ड्रेव्हने येथें लढाई होऊन दियारमित राजाचा मोड झाला. परंपरेनें मृतांचा आंकडा तीन हजार सांगितला जातो.

जय मिळाला, पण हातीं काय राहिलें? मंदिराच्या पारव्यामुळें तीन हजार घरांत विधवा व पोरकीं मुलें झालीं. धर्मसभेंत त्यांस बहिष्कृत करण्याचा ठराव झाला, त्या वेळीं बिरचे मठाधिपति संत ब्रेंडन एकटे उठले व त्यांनीं भर सभेंत कोलंबा यांस आदरानें आलिंगन दिलें. ठराव मागें घेण्यांत आला. अदम्नान यांच्या मतें तो ठराव मुळांतच अयोग्य होता. तथापि माणसांची सभा क्षमा करील, पण स्वतःचें अंतःकरण सहजासहजीं क्षमा करीत नाहीं. आख्यायिका सांगते कीं, जितके जीव लढाईंत गेले तितके आत्मे प्रभूस मिळवून देण्याचें व मायभूमि सोडून जाण्याचें प्रायश्चित्त त्यांनीं स्वीकारिलें.

ज्या नकलेवरून हा अनर्थ ओढवला असें म्हणतात, ती मानली जाणारी पोथी आजही डब्लिन येथील रॉयल आयरिश अकादमींत जपून ठेविलेली आहे. तिचीं ५८ पानें उरलीं आहेत. तिला लोकांनीं काथाख, म्हणजे लढवय्या, असें नांव दिलें. देवस्तुतीच्या पुस्तकास असें नांव पडावें, यापरती खेदाची गोष्ट कोणती?

देशत्याग

५६३ सालीं, वयाच्या ४२ व्या वर्षीं, बारा सोबत्यांसह कोलंबा कातड्यानें मढविलेल्या होडींत बसून निघाले व स्कॉटलंडच्या पश्चिमेस असलेल्या एका लहानशा बेटावर उतरले. बेट सुमारें पांच किलोमीटर लांब व दीड किलोमीटर रुंद. उतरतांच ते तेथील टेकडीवर चढले व दक्षिणेकडे पाहिलें. आयर्लंड दिसत नाहीं अशी खात्री झाली तेव्हांच त्यांनीं तेथें वस्ती केली, असें सांगतात. मायभूमीचा डोंगर रोज दृष्टीस पडला असता तर मन परत फिरलें असतें, हें ते जाणून होते. ज्यांचे आईबाप पोटासाठीं गांव सोडून दूर गेले, त्यांना या गोष्टीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं.

या बेटाच्या नांवाचीही कथा मौजेची आहे. जुन्या लेखांत तें इओवा असें होतें. नकला करणाऱ्या कोणाच्या तरी नजरचुकीनें एक अक्षर बदललें व इओना झालें. योगायोग असा कीं, हें चुकीचें रूप हिब्रू भाषेंतील योना शब्दाशीं, म्हणजे पुनः पारव्याशींच जुळलें! आज आयोना हें मुलींचें नांव म्हणूनही ठेवितात.

आयोना येथील जीवन

मठ थाटाचा नव्हता. लांकूड व कुडाच्या झोंपड्या, मध्यें प्रार्थनामंदिर, भोंवतीं शेत व गुरें. कोलंबा उघड्या खडकावर निजत व उशास दगड घेत. प्रार्थना, वाचन, लेखन किंवा हातकाम यांवांचून त्यांची एकही घटका जात नसे. नक्कल करण्याची जी आवड पूर्वीं कलहास कारण झाली, तीच आतां सेवा झाली. किती तरी पोथ्या त्यांनीं स्वहस्तें लिहून काढिल्या.

तेथून ते डोंगर ओलांडून पिक्ट लोकांचा राजा ब्रूडे याच्या किल्ल्यापर्यंत गेले. दरवाजे बंद होते. त्यांनीं क्रुसाची खूण केली व दरवाजे उघडले, असें अदम्नान लिहितात. राजानें पुढें त्यांचा सन्मान केला. तेथेंच राजाचा गुरु ब्रोइखान याच्या घरीं एक आयरिश मुलगी दासी म्हणून डांबून ठेविलेली होती. तिला सोडावें अशी कोलंबा यांनीं याचना केली. त्यानें प्रथम नाकारिली, पण दुखण्यानें गांठल्यावर मुलीस मुक्त केलें. राजदरबारीं पोंचलेल्या मनुष्याचें लक्ष एका अनाथ दासीकडे जावें, यांत जुन्या अभिमानाचा लवलेशही उरला नव्हता हें दिसून येतें.

५७४ सालीं त्यांनीं एडान यास डाल रियाडा राज्याचा राजा म्हणून अभिषिक्त केलें. पुढल्याच वर्षीं, परंपरेप्रमाणें, ड्रम केट येथील राजसभेंत ते हजर होते. कवींचा पसारा व त्यांची हांव फार वाढली म्हणून त्यांस देशाबाहेर घालवावें, असा विचार तेथें निघाला होता. कोलंबा यांनीं मध्यस्थी करून कवींची संख्या कमी करविली, पण त्यांचें उच्चाटन होऊं दिलें नाहीं. ज्या वादांत पूर्वीं त्यांनीं तरवार उपसविली असती, तो त्यांनीं शब्दांनीं मिटविला.

मायभूमीविषयींचा जिव्हाळा मात्र आटला नव्हता. एके दिवशीं त्यांनीं एका बंधूस सांगितलें कीं, परवां दुपार टळल्यावर पश्चिम किनाऱ्यावर एक करकोचा वाऱ्यानें झोडपला जाऊन येईल. तो आपल्या देशाचा पाहुणा आहे, त्यास उचलून घरीं न्यावें व तीन दिवस खाऊं घालावें. तसेंच घडलें. तीन दिवसांनीं पांखरूं ताजेंतवानें होऊन आकाशांत चढलें व आयर्लंडच्या दिशेनें उडून गेलें. स्वतः जेथें राहावयास जाऊं शकत नव्हते, तेथें त्यांनीं पांखरास तरी पोंचतें केलें.

अंतकाळ

५९७ सालच्या जून महिन्यांतील गोष्ट. शनिवारीं ७५ वर्षांचे कोलंबा सेवक दियारमित याच्यासह धान्याचें कोठार पाहण्यास गेले. धान्याच्या दोन राशी पाहून, आपल्यामागें मुलांस वर्षभर पुरेल इतकें आहे म्हणून त्यांनीं देवाचे आभार मानिले. परत येतांना थकून ते वाटेंत बसले. तोंच दुधाचीं भांडीं वाहणारा मठाचा पांढरा घोडा जवळ आला, त्यांच्या छातीवर डोकें टेकून उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहूं लागलें. दियारमित त्याला हुसकूं लागला. पण मुक्या जनावरास जें कळलें तें माणसास कळलें नाहीं, असें म्हणून कोलंबा यांनीं त्यास रडूं दिलें.

नंतर टेकडीवरून मठास आशीर्वाद देऊन ते खोलींत आले व स्तोत्रसंहितेची नक्कल करूं लागले. ३४ व्या स्तोत्रांत, प्रभूस शोधणारा मनुष्य रिता राहत नाहीं अशा आशयाच्या ओळीपाशीं येऊन त्यांनीं लेखणी ठेविली व पुढील भाग बेथीन यांनीं लिहावा असें सांगितलें. बेथीन हेच त्यांच्यामागून मठाधिपति झाले. एका स्तोत्रसंहितेच्या नकलेनें त्यांचें पाप सुरू झालें होतें; दुसऱ्या नकलेवर त्यांचें आयुष्य संपलें. पहिली त्यांना स्वतःच्या मालकीची हवी होती, दुसरी त्यांनीं अर्धी ठेवून दुसऱ्याच्या हातीं दिली.

मध्यरात्रीं घंटा वाजतांच ते सर्वांच्या पुढें धांवत मंदिरांत गेले. दियारमित अंधारांत चांचपडत आला तों ते वेदीपुढें पडलेले. त्यानें डोकें मांडीवर घेतलें, बंधू दिवे घेऊन आले. कोलंबा यांना बोलवेना. दियारमितनें त्यांचा उजवा हात उचलून धरिला व त्या हातानें सर्वांस आशीर्वाद देऊन त्यांनीं देह ठेविला. तो रविवार, ९ जून होता. त्यांच्या सेवकाचें नांव आणि ज्या राजाशीं त्यांनीं वैर केलें त्याचें नांव एकच, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

नांवांचा वंश

कोलंबा यांना मूलबाळ नव्हतें, तरी त्यांच्या नांवाचा वंश मोठा आहे. कोलम व कॅलम हीं त्याच नांवाचीं रूपें. पुष्कळ भक्तांस मात्र संताचें नांव जसेंच्या तसें घेण्याचा संकोच वाटे. ते मुलास मेल कोलम म्हणत. मेल म्हणजे मुंडण केलेला, दीक्षा घेतलेला. म्हणून मेल कोलम म्हणजे कोलंबांचा दास. हेंच माल्कम नांव होय. स्कॉटलंडचे चार राजे या नांवाचे झाले. त्यांतील तिसरा माल्कम हा संत मार्गारेट हिचा पति. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम (१८२७ ते १८३०) यांच्यामुळें तें नांव सह्याद्रीवरही आलें, आणि महाबळेश्वरची बाजारपेठ माल्कमपेठ म्हणून ओळखली जाऊं लागली. तेथें सहलीस जाणाऱ्या किती जणांस ठाऊक असेल कीं, त्या नांवांत एका संताचा दास लपलेला आहे?

याच रीतीनें गिलक्रिस्ट म्हणजे ख्रिस्ताचा सेवक व गिलमोर म्हणजे मरियेचा सेवक. आपले रामदास, येशूदास, ख्रिस्तदास यांचीच ही जातकुळी. एडन म्हणजे लहान अग्नि. आयोनाहून निघून ६३५ सालीं उत्तर इंग्लंडांत सुवार्ता नेणारे संत एडन याच मठाचे. केविन म्हणजे सुंदर जन्माचा. ब्रिजिट म्हणजे थोर, उच्च. ब्रायन शब्दाचाही अर्थ बहुधा उच्च असाच. मॅकेंझी म्हणजे केनेथचा पुत्र, व केनेथ म्हणजे देखणा. संत केनेथ हे कोलंबांचे स्नेही. समुद्र ओलांडून ते त्यांस भेटावयास येत. असईच्या रणांगणावर आलेल्या पलटणीच्या सरदाराचें कुळनांव एका शांत तपस्व्याच्या नांवाशीं मिळतें जुळतें होतें, हें पाहून मन थबकतें.

आईबापांस विनंती

१९१७ च्या धर्मसंहितेनें बाप्तिस्म्याच्या वेळीं ख्रिस्ती नांव दिलें जाईल अशी दक्षता धर्मगुरूस सांगितली होती. १९८३ च्या संहितेचें ८५५ वें कलम ख्रिस्ती भावनेस परकें असें नांव नसावें, इतकेंच सांगतें. तेव्हां नांव मराठी असो, हिब्रू असो कीं गेलिक असो, धर्मसभेची आडकाठी नाहीं. दया आणि करुणा हीं नांवें केविन व ब्रायन यांहून तिळमात्र कमी ख्रिस्ती नाहींत, आणि ज्यांना हीं परदेशीं नांवें आवडतात त्यांस दोष देण्याचेंही कारण नाहीं. आमचें मागणें एवढेंच आहे कीं, नांव ठेवण्यापूर्वीं त्याचा अर्थ विचारून घ्यावा, त्या नांवाचा संत कोण हें जाणून घ्यावें, आणि मूल जाणतें झालें म्हणजे तें त्यास सांगावें.

कारण नांव हें बक्षीस नसून कर्ज आहे. तें बालपणीं मिळतें व जन्मभर फेडावें लागतें. कोलंबांना पारवा हें नांव खेळगड्यांनीं दिलें. पारवा होण्यास त्यांना सगळें आयुष्य लागलें, आणि मध्यंतरीं घोर अपराधही घडला. आपल्या मुलांच्या हातूनही चुका होतील. त्या वेळीं त्यांचें नांव त्यांना लाजविण्यासाठीं नव्हे, तर परत बोलाविण्यासाठीं उपयोगी पडो.

आपल्या धर्मग्रामांत बाप्तिस्मा घेतलेल्या प्रत्येक मुलाचें नांव आमच्या नोंदवहींत आहे. तीं सर्व नांवें स्वर्गांतील जीवनाच्या पुस्तकांतही लिहिलेलीं असोत, अशी संत कोलंबा यांच्या मध्यस्थीनें प्रभुचरणीं प्रार्थना करून हें चरित्र पुरें करितों.